पट्टा नानांच्या कमरेला

लिंबाजीनाना कांबळे यांनी मला दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि बरं केलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस उपकार विसरला. विसरलो नाही. पण याच नानांनी माझ्या शिलाई मशीनचा पट्टा काढून स्वतःच्या कमरेला करगोट्यासारखा बांधला आणि ऐन लग्नसराईत घाटनांदूरभर मिरवला, हेही खरंच आहे.

मी मूळचा कोकणातला. सहावीत शाळा सुटली, मग एका सर्कशीचा तंबू शिवत शिवत या गावात आलो. सर्कस पुढं गेली, मी मागं राहिलो. लग्न राहून गेलं. स्टेशनकडच्या रस्त्याला दुकान, दुकानामागं खोली, एवढा माझा संसार.

नाना ग्रामपंचायतीत पाणी सोडायचे. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन आळीआळीनं फिरायचे. ज्या आळीला पाणी कमी पडलं तिथल्या बायका शिव्या द्यायच्या, जिथं जास्त गेलं तिथल्या चहा द्यायच्या. नाना दोन्ही घ्यायचे. नोकरी संपली तशा शिव्या बंद झाल्या आणि चहाही. बायको आधीच गेलेली, लेक तिकडं तलवाड्याला दिलेली. ज्यांच्या रांजणात यांनी जन्मभर पाणी घातलं, ते आता दारावरून जाताना 'बसा नाना' म्हणत नव्हते.

"चावी व्हती तवर मानूस व्हतो," नाना म्हणायचे, "आता नुस्ता म्हातारा हाय."

म्हणून ते माझ्या दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायचे. मी बसा म्हणायच्या आधीच बसायचे, म्हणजे अपमानाला जागाच नको.

जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पाइपलाइनीसारखी दिसायची. सरपंचाबद्दल म्हणायचे, "अक्कल हाय, पर प्रेशर न्हाई." कुणाच्या घरी सासू-सुनेचं भांडण झालं, की "एका लायनीवर दोन कनेक्शन देल्यावर काय हुईल?" त्यामुळं मी मशीनवरून पुन्हा पुन्हा उठून लघवीला मागं जायला लागलो, ते सगळ्यांत आधी त्यांच्याच ध्यानात आलं.

"टेलर, आतमदी काय सदरा शिवायलास का बे? गेल्यालं मानूस परत यीना म्हणून मी वाट बघायलो."

मी साखर वाढलीय म्हणून सांगितलं. लाज वाटायची. असल्या जागेचं दुखणं सांगायचं कुणाला? अन् एक दिवस भर दुपारी लघवी साफ बंद झाली. पोट दगडासारखं. घामानं अंगरखा भिजला. मी कापायच्या टेबलाला धरून उभा होतो. नानांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, टमटम थांबवली आणि मला आत कोंबून अंबाजोगाईला नेलं.

तिथं नळी घातली तेव्हा जीव परत आला. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढलीय, ऑपरेशन करावं लागेल, दुर्बिणीतून, चिरफाड नाही. नाना नाराज झाले. "टाका न्हाई? मग लोकाला दाखवायचं काय?"

रक्त, लघवी, छातीची पट्टी, सगळ्या तपासण्या झाल्या. मग नर्सनं सहीला नातेवाईक बोलवा म्हणून सांगितलं. माझा चेहरा पडला. नाना पुढं झाले.

"तुमचं नातं काय?"

"मेव्हणा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, मला बायको नाही, तुम्हाला बहीण नाही."

"मंग बरंच हाय की. मधी भांडन लावायला कुनी न्हाई. अन् मेव्हण्याला शिव्या द्यायची मुभा असती." त्या दिवसापासून नाना मला टेलर सोडून दाजी म्हणायला लागले.

भावाला गावी फोन केला. ऑपरेशन आहे म्हटलं. तो म्हणाला, "सोबत कोण आहे?" मी नाव सांगितलं. "कांबळे म्हणजे...?" त्यानं आधी हे विचारलं, मला काय झालंय ते मग विचारलं. वर म्हणाला, आंब्याच्या दिवसांत येऊन जा. फोनचा आवाज मोठा होता, नाना शेजारीच. मला कुठं तोंड लपवू असं झालं. नानांनी तंबाखूची चिमूट झटकली आणि म्हणाले, "लायन लई लांबची हाय, दाजी. शेवटच्या घरापतुर पानी पोचत न्हाई."

ऑपरेशनच्या आधी मी सैल कमरेचे लेंगे शिवून ठेवले आणि लघवीच्या पिशवीला चेकच्या कापडाचं कव्हर शिवलं, चारचौघांत दिसू नये म्हणून. "आता हिला कॉलर बी लाव," नाना म्हणाले.

कव्हर फुकट गेलं. नळीसकट घरी आलो तेव्हापासून नाना रोज पिशवी उजेडात धरून बघायचे आणि चौकात जाऊन जाहीर करायचे, "आज लाली कमी हाय. उद्या फिल्टरचं येतंय." ब्लाउज टाकायला आलेल्या बाया मला दारातून विचारायच्या, "भाऊ, पानी साफ झालं का?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नळी काढल्यावर पहिल्यांदा आपली आपण लघवी झाली, तेव्हा नाना दाराबाहेर कान लावून उभे होते. "आलं! आलं!" म्हणून असे ओरडले, की शेजारची बाई रिकामी घागर घेऊन बाहेर आली.

पाणी पाजायचे ते दरडावून. जोर करायचा नाही, जड उचलायचं नाही, तिखट नाही. संध्याकाळी भाकरी आणि फिकं वरण करायचे, दोन ताटं वाढायचे आणि रात्र पडेपर्यंत बोलत बसायचे. मी पडल्या पडल्या ऐकायचो, मधेमधे बोलायचोही. दुसरं करणार काय?

डॉक्टरांनी पायमशीन इतक्यात नको म्हटलं होतं. मी एकदा चोरून बसलो. दोन ब्लाउज झाले आणि लघवीला परत लाल आलं. नानांनी मशीनचं चाक फिरवणारा पट्टाच काढला आणि कमरेला बांधला. चूक माझीच होती, तेव्हा परत खाटेवर जाऊन पडलो.

पण पुढं लाल थांबलं, दुखणं थांबलं, मला भिंतीला टेकून बसायचा कंटाळा आला, तरी नानांचं एकच, "डॉक्टर म्हणला, आजून न्हाई." लग्नाची कापडं माझ्या डोळ्यांदेखत न कापता परत गेली, समोरच्या नव्या टेलरकडं. गिऱ्हाईक एकदा गेलं की परत येत नाही. मला रात्री झोप येईना. शिवलं नाही तर मी या गावात कोण?

शेवटच्या तपासणीला मीच डॉक्टरांना विचारलं, "साहेब, मशीन कधी चालवू?"

"अजून सुरू नाही केलीत? मागच्या खेपेला तुम्ही लघवी तपासायला गेला होतात, तेव्हाच तुमच्या मेव्हण्यांना सांगितलं होतं मी."

मी नानांकडं बघितलं. नाना पंख्याकडं बघत होते.

एसटीत तिकिटं काढून होईपर्यंत मी दम धरला. मग राहवेना. "नाना, माझी लग्नसराई गेली."

"गेली."

"का केलंत असं?"

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. "बाकड्यावर मी आधीबी बसायचो, दाजी. पर मशीन चालू आसली की तू वर बघत न्हाईस." मग म्हणाले, "ह्या टायमाला तू बोलतबी व्हतास."

कमरेचा पट्टा सोडून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. मी शिव्या द्यायच्या म्हणून तोंडात धरल्या होत्या. त्या तिथंच राहिल्या.

आता मशीन चालू आहे. गेलेली गिऱ्हाइकं काही आली नाहीत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? पण नानांचं देणं मी एक दिवस फेडणार आहे. त्यांना कुठलं दुखणं येऊ नये. आलंच, तर उशाशी मी बसेन. आणि डॉक्टरांनी त्यांना कितीही लवकर मोकळं केलं, तरी मी तिथून उठायची घाई करणार नाही.