दीडशे फूट वायर आणि मदर आयडेलांचं निधन

ओझेल पिकेन्सने आपल्या सासूबाईंना शनिवारी दुपारी चार वाजता, कत्तलखान्याच्या तळघरात, मुकादमासमोर मारलं. मारलं म्हणजे आपलं तोंडी. "मिस्टर ट्रॉटर, आमच्या सासूबाई काल रात्री गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि सोमवारची सुटी त्याने पदरात पाडून घेतली.

दुसरा इलाज नव्हता. शिकागोच्या त्या तळघरात गुरांच्या कातड्यांना मीठ चोळणाऱ्याला जवळचं कोणी गेल्याशिवाय सुटी मिळत नसे. ओझेलचे वडील मागच्या वसंतात एकदा जाऊन झाले होते. आई मिसिसिपीत धडधाकट होती, पण आईबद्दल तसं बोलायला त्याची जीभ रेटेना. बायकोबद्दल बोलला असता तर बायकोने त्यालाच खरोखर मारलं असतं. राहिल्या सासूबाई. चर्चमधल्या जुन्या, मानाच्या बाईला आमच्याकडे सगळेच मदर म्हणतात, पण मदर आयडेलांना लोक मदर म्हणायचे ते निम्मं मानाने आणि निम्मं भीतीने. गिटार हे सैतानाचं खोकं आहे असं त्यांचं ठाम मत होतं. सहा वर्षं एका घरात राहून त्यांनी जावयाचा एक सूरही कानावर पडू दिला नव्हता. बिचारा जिन्यात बसून, तारांवर फडकं टाकून सराव करायचा.

सोमवारचं काम तसंच मोठं होतं. पोलादाच्या कारखान्यातली रात्रपाळी सोमवारी सकाळी सुटते आणि त्या लोकांचा रविवार तिथून सुरू होतो. म्हणून सत्तेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मिस व्हर्निटाच्या बारमध्ये सोमवारी सकाळी सातलाच गर्दी उसळते आणि ब्लूज संगीत सुरू होतं. तिचा गिटारवाला कॅलिफोर्नियाला निघून गेला होता आणि त्या जागेवर आता दोघांचा डोळा होता. एक ओझेल आणि दुसरा क्लीव्ह. क्लीव्हच्या पुढच्या दातात हिरा होता, त्यामुळे त्याला सगळे डायमंड क्लीव्ह म्हणत. जिंकेल त्याला वर्षभराचं काम. म्हणजे ओझेलला ते मीठ, ते तळघर आणि हाताच्या भेगा कायमच्या सुटणार. आणि हरला तर? बायकोने, रोझेटाने, निक्षून सांगितलं होतं, "एकदाच जा. जिंकलास तर मी नाचेन. हरलास तर गिटार दुकानात परत द्यायची आणि पुन्हा घरात हा विषय नको."

मिस व्हर्निटाचा नियम सोपा होता. दोघांनी एकदम वाजवायचं. ज्याचा हात आधी थांबेल तो गेला.

क्लीव्हने सुरुवातच अशी केली की ओझेलचं पाणी पाणी झालं. मानेमागे गिटार घेऊन वाजवलं, दाताने वाजवलं, पहिल्या टेबलावरच्या बाईकडे बघून हिरा चमकवला. ओझेल चांगला वाजवायचा, उत्तम वाजवायचा, पण भरलेला चहाचा कप सांभाळत चालल्यासारखा. त्याच्या मागे ड्रमवर त्याचा दोस्त हर्शेल होता. गिटारची वायर हर्शेलनेच बनवली होती. तो जुन्या इमारती पाडायच्या कामावर होता, तिथून त्याने दीडशे फूट वायर आणली होती, आणि चांगली वायर कापणं त्याच्या जिवावर यायचं. त्यामुळे चार पावलांच्या स्टेजवर ओझेलच्या गिटारला दीडशे फूट वायर होती आणि उरलेल्या वेटोळ्यावर हर्शेल उशी घेतल्यासारखा बसला होता.

पंधरा मिनिटांत गर्दीने ओझेलकडे पाठ फिरवली. आणि तेवढ्यात बारचं दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, आणि त्या उजेडात काळा कोट घालून, काखेत कागदात गुंडाळलेलं मोठं काहीतरी घेऊन मुकादम एलिजा ट्रॉटर उभे राहिले.

ट्रॉटर माणूस कडक, पण रीतीचा. खात्यातल्या माणसाच्या घरी मयत झाली तर खात्याने काहीतरी पाठवायचं ही त्यांची पद्धत. कत्तलखाना असल्यामुळे त्यांनी हॅमची एक अख्खी मांडी आणली होती. पिकेन्स या रस्त्यावर कुठेतरी राहतो एवढंच त्यांना ठाऊक होतं, म्हणून पहिलं उघडं दार दिसलं तिथे ते पत्ता विचारायला आत आले.

ओझेलने त्यांना पाहिलं आणि त्याच्या बोटांतून जो सूर निघाला तो त्याआधी त्या बारमध्ये कोणी ऐकला नव्हता. शेपटीवर पाय पडलेलं मांजर जर अत्यंत सुरेल असतं तर असं ओरडलं असतं. अर्धी गर्दी गर्रकन वळली. ओझेलने भिंतीकडे तोंड केलं. पळावं तर हात थांबणार, थांबावं तर नोकरी जाणार. मग तो वाजवत वाजवतच, भिंतीला खांदा घासत बाजूच्या दाराने रस्त्यावर सटकला. हर्शेलला काय चाललंय ते कळलं नाही, पण तो बुडाखालची वायर मुकाट्याने सोडत राहिला.

इकडे मुकादमांनी मिस व्हर्निटाला विचारलं, "पिकेन्स कुठे राहतो?" काळा कोट घालून वादकाचा पत्ता विचारणारा माणूस एकतर हप्त्याला येतो नाहीतर वॉरंट घेऊन, हे मिस व्हर्निटाला तीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. तिने हे नाव कधी ऐकलंच नाही म्हणून सांगितलं आणि ब्याद टाळायला त्यांना शेजारच्या कॅल्व्हिन न्हाव्याकडे पाठवलं. त्याला सगळ्यांचे पत्ते माहीत असतात म्हणाली.

ओझेल लपायला नेमका कॅल्व्हिनकडेच शिरला होता. काचेतून मुकादम येताना दिसले तसा तो रिकाम्या खुर्चीत पडला. "झाक मला," एवढंच म्हणाला. कॅल्व्हिनने गिटारसकट त्याच्यावर चादर टाकली, तोंडावर गरम टॉवेल ठेवला आणि दिसत होता तेवढ्या एका गालाला साबण फासला. शेजारी क्लीव्हची गिटार गर्जत होती, म्हणून चादरीखाली ओझेलचा हात चालूच होता.

मुकादम दारात टोपी काढून थबकले. खुर्चीतला माणूस चादरीखाली गदागदा हलत होता.

"याला काय झालंय?"

"दक्षिणेतला ताप," कॅल्व्हिन म्हणाला.

"आणि ही वायर?"

"विजेचा शेक देतोय."

मुकादमांनी सहानुभूतीने मान हलवली आणि मदर आयडेलांची चौकशी केली. खोटं बोलायचा कॅल्व्हिनचा त्या दिवसाचा साठा तेवढ्यात संपला असावा, कारण त्याने सरळ सांगून टाकलं की त्या तीन दुकानं पलीकडे चर्चमध्ये आहेत, बारापर्यंत तिथेच असतील. मुकादमांनी घड्याळ पाहिलं आणि बाराच्या आत अंत्यदर्शन व्हायला हवं असं काहीसं पुटपुटत ते निघाले. मदर आयडेला दर सोमवारी चर्चची फरशी पुसायला जातात हे त्यांना कोण सांगणार?

टॉवेलखाली ओझेलला सगळं ऐकू येत होतं. तो ताडकन उठला. गळ्यात चादर, गालाला साबण आणि बोटांत नुसती आग. ती बोटं आता कोणाचंही ऐकत नव्हती. आवाज मात्र निघत होता मागे, बारमधल्या अँप्लिफायरमधून. आतल्या लोकांना वाजवणारा दिसेना आणि वाजवणं तर असं की अंगावर काटा यावा. पहिल्या टेबलावरची बाई उठली आणि थरथरणाऱ्या वायरच्या मागे दारापर्यंत गेली. तिच्यामागे तिचं टेबल गेलं. मग सगळा बारच गेला. मिस व्हर्निटासुद्धा हात पुसत बाहेर आली. पाच मिनिटांत रस्त्यावर साठ माणसं, पुढे साबण लावलेला ओझेल, आणि बारमध्ये डोळे मिटून, गिटार मानेमागे घेऊन, रिकाम्या खुर्च्यांसमोर जीव तोडून वाजवणारा डायमंड क्लीव्ह.

चर्चच्या दारापासून चार पावलांवर वायर संपली. दाव्याला हिसका बसलेल्या वासरासारखा ओझेल जागीच थांबला. आणि त्याच क्षणी दार उघडून, हातात फरशीचं फडकं घेऊन मदर आयडेला बाहेर आल्या. त्यांच्या नि त्याच्या मधोमध मुकादम उभे.

"बाई, मी एलिजा ट्रॉटर. ओझेल पिकेन्सचा मुकादम. मदर आयडेला गेल्याचं कळलं. आमच्या खात्याकडून हे एवढं."

मदरनी हॅमकडे पाहिलं. मग मुकादमांकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"कधी गेली म्हणाला तो?" मदरनी विचारलं.

"शुक्रवारी रात्री. झोपेत. फारसे हाल झाले नाहीत म्हणे."

"बरं झालं बाई," मदर म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून कॅल्व्हिन दोन पावलं मागे सरला.

क्लीव्हची गिटार अजून ऐकू येत होती, हात थांबवणं शक्य नव्हतं. मग जे सांगायचं होतं ते ओझेलने तारांवरच सांगितलं. वेग उतरला. सूर खाली आला. तळघरातलं मीठ त्यात होतं, जिन्यात फडक्याखाली वाजवलेली सहा वर्षं होती, आणि माफी होती, अगदी पाया पडून मागितलेली. चार दुकानांमागून, बारच्या उघड्या दारातून ते सगळं रस्त्यावर आलं. मदर आयडेलांनी सहा वर्षं जे कानावर येऊ दिलं नव्हतं ते आज भर रस्त्यात उभं राहून ऐकावं लागलं, आणि त्यांना ते ओळखीचं निघालं. त्यांच्या लहानपणी कापसाच्या शेतात त्यांचे वडील संध्याकाळी याच सुरात गुणगुणायचे. हातातलं फडकं टपटप गळत राहिलं. जावयात एवढं काही असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

"मी तिची बहीण," मदर म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "धाकटी."

कॅल्व्हिनने तोंड उघडलं, पण मिस व्हर्निटाने त्याच्या पायावर टाच ठेवली.

"आणि ही एवढी माणसं?" मुकादमांनी विचारलं.

"अंत्ययात्रेची."

मिस व्हर्निटाने शेजारच्याची टोपी काढून त्याच्याच हातात दिली. बघता बघता साठ डोकी उघडी झाली आणि रात्रपाळीहून, दोन दोन ग्लास रिचवून आलेली ती माणसं खाली माना घालून उभी राहिली. एकजण तर खराच रडत होता, पण तो दर सोमवारी रडतो.

"जावई वाजवतोय, तेही तिच्यासाठी?"

"शेवटची इच्छा होती."

"तिला हे संगीत आवडायचं?"

मदर आयडेलांनी चर्चच्या काचेवरच्या क्रुसाकडे एकदा पाहिलं. "जीव टाकायची," त्या म्हणाल्या.

मुकादमांचे डोळे पाणावले. त्यांची बायको गेली तेव्हा नुसता ऑर्गन होता आणि तोही बिघडलेला, असं त्यांनी सांगितलं. हे फार बरं. ओझेलला आणखी दोन दिवस सुटी देतो म्हणाले, आणि हा कुठे वाजवत असेल तर पुढच्या सोमवारी पाळी बदलून ऐकायला येईन, आपणही याल ना, असं मदरना विचारून, हॅम त्यांच्या हातात देऊन, टोपी छातीशी धरून ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

तेवढ्यात बारमधून क्लीव्ह बाहेर आला. डोळे उघडल्यावर त्याला समोर एकही माणूस दिसला नव्हता. सगळे गेले कुठे हे बघायला तो दारापर्यंत आला, आणि त्याची वायर होती जेमतेम आठ फूट. ती चालता चालताच निसटली होती. तो रिकाम्या हाताने उभा होता आणि ओझेलचा हात अजून चालू होता.

"हा स्टेज सोडून गेला," क्लीव्ह म्हणाला. "हा बाद."

"नियम हाताचा होता, पायाचा नव्हता," मिस व्हर्निटा म्हणाली. "आणि माझं गिऱ्हाईक कुठे उभं आहे ते बघ. ओझेल, थांब आता. वर्षभर तूच वाजवायचंस. आणि दर सोमवारी असंच रस्त्यावर यायचं, साबण नसला तरी चालेल."

मग जो गलका झाला तो काय सांगावा. ओझेलला खांद्यावर घेतलं, हर्शेलला घेतलं, चुकून कॅल्व्हिनलाही घेतलं. तो महिना संपायच्या आत शिकागोच्या दक्षिण भागातला प्रत्येक गिटारवाला लांब वायर शोधत हिंडत होता आणि हर्शेलने पाडायच्या इमारतींतून गुंडाळीच्या गुंडाळ्या आणल्या. लोकांत मिसळून वाजवण्याची ही कल्पना सुचली कशी, असं ओझेलला पुढे खूपजणांनी विचारलं. तो म्हणायचा, आतूनच आली.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर तो चर्चच्या पायरीशी मान खाली घालून उभा राहिला. "मदर, चुकलं माझं. पण आता काळजी नको. काम मिळालंय, मी उद्याच कत्तलखान्यात राजीनामा देतो. ट्रॉटरसाहेबांशी संबंधच संपला. तुम्हाला पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही."

मदर आयडेलांनी हॅम या काखेतून त्या काखेत घेतला. आत चर्चमध्ये कोणी ऐकत नाही ना हे मान वळवून बघितलं.

"एवढी घाई कशाला?" त्या म्हणाल्या. "एखादा महिना राहा कामावर. तो मुकादम सोमवारी येणार आहे. माझी ती धाकटी बहीण तिथे दिसली नाही तर संशय घेईल, आणि तुझी नोकरी जाईल. तुझ्या नोकरीसाठी मला येणं भाग आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या व्हर्निटाला सांग, पुढचं टेबल लागेल. मागून तुझी बोटं दिसणार नाहीत."