क्ष कुठेच दिसता कामा नये

"उत्तर ठाऊक नाही ना तुला? मग रडतोस कशाला? त्याला क्ष म्हण. नाव दिलं की अनोळखी माणूससुद्धा उंबऱ्यात घुटमळत नाही, आत येऊन बसतो."

मास्तर अजून मास्तर व्हायचे होते, नाक ओढत मागच्या बाकावर बसत होते, तेव्हाचा हा आवाज. बाईंचा. बाई खडू बोटांत फिरवत फिरवत गुणगुणायच्या, जात्यावर बसल्यासारख्या:

*क्ष माझा पाहुणा, आला तोंड झाकून,*
*उतरवू त्याचं ओझं, मग हसेल वाकून.*

आणि खरंच, एकेक आकडा बरोबरच्या चिन्हापलीकडे नेऊन ठेवला की क्ष शेवटी एकटा उरायचा आणि मुकाट्याने आपली किंमत सांगायचा.

त्याच बाईंनी 'हातचा' काढला. गणिताचं मासिक. बेरीज करताना पोरं जे नेमकं विसरतात तेच नाव. सुरुवातीला एकच कागद होता, पुढून गणितं आणि मागून कोडी. मग पानं वाढली. मुलं उत्तरं पाठवू लागली आणि त्यांची नावं छापून येऊ लागली. पण सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते 'निनावी शंका' हे सदर. ते होतं शिक्षकांसाठी. 'उणे गुणिले उणे अधिक का, असं वर्गात एका पोराने विचारलं. मी त्याला गप्प बसवलं. आता तुम्ही मला सांगा,' अशी पत्रं यायची. बाई उत्तर छापायच्या, नाव कधीच विचारायच्या नाहीत. बाई गेल्या आणि 'हातचा' मास्तरांच्या हाती आला. तेव्हापासून मास्तरांनी त्याला लेकरासारखं वाढवलं. लेकरू मात्र दर वर्षी बारीक होत चाललं होतं.

आता पन्नासावं वर्ष. विशेषांक तयार होता. आणि संध्याकाळी, पानं छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी, फोन वाजला.

फोन गणित मंडळाच्या अध्यक्षांचा होता. अध्यक्षांचा छत्र्यांचा कारखाना होता. मंडळाला सभागृह त्यांनी बांधून दिलं, म्हणून मंडळाने त्यांना अध्यक्ष केलं. हा व्यवहार इतका सरळ होता की त्यात गणित कुठे आलंच नव्हतं.

"मास्तर, पानं पाहिली. छान झालीत. फक्त तेवढा क्ष काढा."

"कुठला क्ष, साहेब?"

"सगळेच. अहो, मुलं भितात! माझी नात क्ष दिसला की पुस्तक मिटते. काय ते अक्षर, कोळ्यासारखं पाय पसरून बसलेलं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी घ्या. म घ्या. म कसा मऊ असतो."

"पण साहेब, पन्नास वर्षं…"

"तेच म्हणतोय मी. पन्नास वर्षं क्ष ठेवलात म्हणून आज कुणी वाचत नाही. समारंभात मला जाहीर करायचंय, मासिक चालू ठेवायचं की थांबवायचं. अजून ठरवलेलं नाही. तेव्हा अंकात क्ष मला कुठेच दिसता कामा नये. कळलं?"

'नाही' हा शब्द मास्तरांच्या पोटात होता. पण तो वर्गमुळाच्या चिन्हाखाली पाय दुमडून बसलेला असायचा, सहसा बाहेर यायचा नाही. त्यांनी फोनसमोरच मान हलवली आणि म्हणाले, "कळलं, साहेब."

अंकाची जुळणी मास्तरांची भाची करायची. बोटं अशी चालायची की यंत्रालाच दम लागावा. मास्तर तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

"बाळ, सगळ्या क्षंचे म करायचेत."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. कुठेही एकसुद्धा राहता कामा नये. अध्यक्षांचे शब्द आहेत."

"मामा, हाताने करत बसले तर उजाडेल. यंत्राला सांगते. क्ष शोध, म घाल. एका फटक्यात."

"असं होतं?"

"मामा, तुम्ही अजून पाटी पुसताय." तिने एक कळ दाबली. यंत्र क्षणभर गप्प राहिलं आणि मग त्याने केलेल्या बदलांचा आकडा दाखवला. भाचीच्या भुवया वर गेल्या. "अगंबाई! एवढे क्ष होते आपल्याकडे?"

"गणिताचं मासिक आहे. क्ष नसेल तर काय छत्र्या असतील?" मास्तर जरा दुखावूनच म्हणाले.

"परत एकदा वाचता का?"

"सहादा वाचलाय. आता आणखी वाचला तर डोळ्यांतून पूर्णांक गळतील. पाठव."

तिने पाठवला.

समारंभाच्या दिवशी गठ्ठे छापखान्यातून थेट सभागृहात आले. दारातच एकेकाच्या हाती एकेक अंक पडत होता. शिक्षक आले, शिक्षिका आल्या, शाळाशाळांची मुलं आली. पहिल्या रांगेत अध्यक्षांची नात बसली होती, दोन वेण्या आणि कानामागे पेन्सिल. मास्तर व्यासपीठावर अध्यक्षांशेजारी बसले आणि आईने नव्या बाळाचं दुपटं उघडावं तसं त्यांनी हळूच पहिलं पान उघडलं.

तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं: 'अध्यमांचे मनोगत'.

मास्तरांनी चष्मा पुसला. अध्यम अध्यमच राहिले. त्यांनी पान उलटलं. 'हातचा' मासिकाचा इतिहास सुरू झाला होता: 'एका तळमळीच्या शिमिकेने लावलेले हे रोप. परीमेच्या भीतीपासून विद्यार्थ्यांचे रमण व्हावे, हाच तिचा हेतू.' त्यांनी आणखी एक पान उलटलं. 'त्रिकोणाचे मेत्रफळ'. मास्तरांच्या पाठीच्या कण्यातून एक थंड सरळ रेषा अनंताकडे निघून गेली.

ते उठले आणि विंगेत उभ्या असलेल्या भाचीकडे धावले.

"हे काय केलंस?"

तिने वाचलं. तिचा हात तोंडावर गेला. "मामा… यंत्राला काय कळतंय, कुठला क्ष समीकरणातला आणि कुठला शिक्षकातला! तुम्हीच म्हणालात, एकसुद्धा राहता कामा नये."

"अगं, पण अध्यक्षांचा अध्यम? एक काना इकडेतिकडे झाला की अधमच की तो!"

"काना नाही मामा, य गेला की."

"आता व्याकरण शिकवू नकोस! अंक गोळा कर, चल."

मामा एका बाजूने आणि भाची दुसऱ्या बाजूने निघाली. "जरा अंक देता का? एक पान उलटं लागलंय. लगेच बदलून देतो." पण अंक कुणी हातचा सोडीना. जो तो नाक खुपसून बसला होता. एका टक्कल पडलेल्या शिक्षकांनी तर अंक छातीशी धरला.

"थांबा हो मास्तर! वीस वर्षं वर्गणी भरतोय, आज पहिल्यांदा वाचतोय."

"अहो, चुकलंय ते."

"चुकलंय म्हणूनच तर! हे बघा, 'शिमकाने वर्गात अमर नीट काढावे.' अक्षराचं अमर! हिला म्हटलं, हे ओळख. हिला नाही आलं." शेजारच्या शिक्षिका ठसक्यात म्हणाल्या, "मला आलं होतं. तुम्ही सांगून टाकलंत."

मागच्या रांगांत मुलांची खुसखुस सुरू झाली होती. कुणी म्हणत होतं 'पमी', कुणी ओरडत होतं, "अरे पक्षी, पक्षी!" इतक्यात ध्वनिवर्धक खाकरला. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "आता आपले अध्यक्ष आपले मनोगत प्रत्यक्ष अंकातूनच वाचून दाखवतील."

मास्तर दोन रांगांच्या मधोमध गोठले. कारण ते मनोगत त्यांनीच लिहून दिलं होतं. अध्यक्षांनी पानं नुसती चाळली होती, ते वाचलंच नव्हतं.

अध्यक्षांनी अंक डोळ्यांपासून लांब धरला, छाती पुढे काढली आणि सुरुवात केली, "बंधुभगिनींनो! आजचा हा मण आनंदाचा आहे."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांना वाटलं, रंग चढतोय. त्यांनी आवाज वाढवला.

"शिमकांनी मणोमणी दम राहून विद्यार्थ्यांची ममता वाढवावी! गणिताच्या मेत्रात आपल्या मंडळाने सदैव लम दिले आहे. अध्यम या नात्याने मी…"

ते थांबले. ओठ हलवत त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. सभागृहात असा हशा उसळला की खुर्च्यासुद्धा हसल्यासारख्या करकरल्या. टक्कलवाले शिक्षक डोळे पुसत होते. भाचीने पदर नव्हता म्हणून ओढणीच तोंडात कोंबली होती.

"मास्तर!" अध्यक्षांचा आवाज ध्वनिवर्धकातून दुप्पट होऊन आला. "हे काय आहे?"

मास्तर मधल्या वाटेत उभे होते. पळायला दार मागे होतं आणि मासिक पुढे होतं. ते पुढे गेले.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच आपला आवाज ऐकून नवल वाटलं, "आपण म्हणाला होतात, क्ष कुठेच दिसता कामा नये. तो आता कुठेच नाही. आपल्या पदातसुद्धा नाही."

पुन्हा हशा झाला. अध्यक्षांची मान कॉलरपासून वर वर तांबडी होत गेली.

"अहो, मी मुलांसाठी म्हणत होतो! मुलं भितात क्षला. ही माझी नात, क्ष दिसला की पुस्तक मिटते!"

पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मान वर झाली. तिच्या मांडीवर अंक होता आणि त्यावर पेन्सिलीच्या गोलांची रांगोळी उठली होती.

"मी?" ती म्हणाली. "मी कुठे मिटते, आजोबा? मी विचारायला येते, तेव्हा तुम्हीच मिटता. म्हणता, 'डोळे दुखतील, जा खेळ जा.'"

"तू गप्प बस."

"पण मला हा अंक फार आवडला." तिने अंक उंच धरला. "यात कुठला म खरा आणि कुठला खोटा, ते शोधायचंय. 'आमचे'मधला खरा. 'शिमक'मधला खोटा. 'ममता' तर दोन्हीकडून बसतो, तो मी मोठ्या गोलात ठेवलाय. आणि हे गणित तर एकदम सोपं आहे." ती उठून व्यासपीठाच्या पायरीशी आली. "बघा. ३म + ४ = १९. सांगा ना आजोबा, म किती?"

हसणारे हसता हसता थांबले. उत्तर जवळजवळ सगळ्यांच्या जिभेवर होतं, आणि म्हणूनच सगळे वाट बघत होते.

अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. छत त्यांनीच बांधून दिलं होतं, पण ते काही मदतीला येईना. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. ती नजर मास्तरांच्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं वर्गात शेवटच्या बाकावरून कुणी ना कुणी त्यांच्याकडे असंच पाहत आलं होतं. मास्तरांना राहवेना. त्यांनी छातीजवळ हळूच हात वर केला आणि पाचही बोटं पसरली.

"मास्तर थांबा म्हणताहेत," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "थांबू या आपण."

मास्तरांनी बोटं आणखी ताणली. अध्यक्ष आणखी थांबले.

"थांबा नाही हो आजोबा!" नात पाय आपटत म्हणाली. "पाच! मास्तर सांगताहेत, पाच. चार पलीकडे नेले, पंधरा उरले, तिनाने भागले, झालं. क्ष… म्हणजे म… म्हणजे तो, पाच!"

टाळ्या पडल्या. त्या नातीसाठी होत्या. त्या थांबेपर्यंत अध्यक्ष तसेच उभे राहिले. मग त्यांनी अंक मिटला नाही. उघडाच ठेवून ते सावकाश व्यासपीठाच्या पायरीवर, नातीच्या शेजारी बसले. ध्वनिवर्धक वर राहिला होता, पण सभागृह इतकं शांत होतं की त्याची गरज पडली नाही.

"मास्तर, जाहीर करायचं होतं ना मला, ते करून टाकतो. मासिक चालू राहील. निदान हा क्ष मला कळेपर्यंत तरी." त्यांनी नातीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि ती उगाच फिरवत राहिले. "सातवीत होतो मी. क्ष शिकवून झाला आणि सरांनी विचारलं, 'कळलं का?' सगळ्यांनी मान हलवली. एकट्याने नाही कसं म्हणायचं, म्हणून मीही हलवली. तेव्हापासून हलवतोच आहे."