भर मे महिन्यातला हीटर

यवतमाळ जिल्ह्यात गाडीला हीटर कायले पाहिजे, हा प्रश्न पांढरकवड्याच्या घनश्यामला भर मे महिन्यात पडला आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

त्याच्याकडे लाल रंगाची, दोन दारांची एक जुनी रेसची गाडी होती. तरुणपणी ती वाऱ्यासारखी पळायची म्हणे. घनश्यामकडे आल्यापासून मात्र निंबाखाली उभं राहणं हेच तिचं मुख्य काम झालं होतं. बॉनेट उघडलं की आत नळ्यांचा नुसता गुंता! एक नळी इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे नेणार, दुसरी परत आणणार, मध्येच एक कॉक, त्याला आणखी एक फाटा. "अठी माणूस बाहीरच शिजून राह्यला, अंदर आनखीन शेकाले हीटर?" असं म्हणून त्यानं हीटर आणि त्याचा सगळा गोतावळा उपसून अंगणात फेकला.

आता इंजिनातून निघालेलं पाणी सरळ इंजिनात परत गेलं की झालं. त्याला एकच नळी पुरे. आणि नळ्यांच्या बाबतीत घनश्यामचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, कारण कपाशीच्या वावरातलं अख्खं ठिबक त्यानं एकट्यानं अंथरलं होतं. त्यानं गोठ्यातल्या जुन्या वेटोळ्यातून ठिबकची काळी नळी हातभर जास्तच कापली आणि इंजिनाच्या दोन्ही तोंडांना लावली. घेर असा चपखल बसला, की कारखान्यानं घनश्यामला विचारूनच गाडी बनवली असावी! जरा वेळ इंजिन चालवून पाहिलं, तर एक थेंब गळेल तर शपथ. गडी खूश झाला.

खूश होणं भागच होतं, कारण गाडीचं नशीब टांगणीला लागलं होतं. त्याची बायको सत्यशीला हिच्या भाचीचं, समीक्षाचं, रविवारी यवतमाळला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता आणि नवरीचा शालू मावशीनं न्यायचा होता. सत्यशीलेनं सांगून टाकलं होतं की गाडी मांडवापर्यंत पोचली तर राहील, नाही तर शेजारच्या बाबारावांना देऊन टाकायची. बाबारावांना ती कोंबड्यांच्या खुराड्यासाठी हवी होती. निकाल डोळ्यांनी पाहायला तेही मागच्या सीटवर घुसले आणि वाटभर वितीनं सीट मोजत राहिले.

निम्मी वाट गाडी झकास पळाली. घनश्याम शीळ घालू लागला. मग चढ लागला आणि मागून आलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं काच ठोकून सांगितलं, की गाडीतून पाणी सांडून राह्यलं.

"एसीचं असन," घनश्याम म्हणाला.

"आपल्या गाडीले एसी कधीपासून आला?" सत्यशीलेनं विचारलं.

तेवढ्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा सरसर वर चढला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. सत्यशीलेला एकदम आठवलं, की तिच्या भावाची जीप अशीच तापली होती तेव्हा त्यानं हीटर लावला होता. इंजिनची गरमी गाडीत येते, माणसं घामाघूम होतात, पण इंजिन वाचते.

"लावा न हीटर," ती म्हणाली.

"काढून टाकला," घनश्याम रस्त्याकडे पाहत हळूच म्हणाला.

गाडी थांबली. बॉनेट उघडलं. काळ्या नळीतून ठराविक अंतरावर पाण्याच्या बारीक धारा अगदी इमानदारीनं उडत होत्या. बाबारावांनी वाकून नळी न्याहाळली.

"घनश्याम, लेका, हे तं ड्रिपरवाली, भोकाभोकाची नळी हाये. भोकं क्षारानं बुजली होती, गरम पाण्यानं मोकळी झाली."

एवढ्या संकटातही घनश्यामला क्षणभर बरं वाटलं. दर साली ॲसिड सोडूनही त्याच्या वावरातले ड्रिपर इतके साफ कधी झाले नव्हते!

जवळच्या बाटल्या रिकाम्या केल्या, पण ओतावं तेवढं पाणी रस्त्याला मिळत होतं. शेवटी शेणखत वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून गाडी ट्रॉलीमागं बांधली. शालू छातीशी धरून, नाकाला पदर लावून सत्यशीला यवतमाळला पोचली, ती ऐन मुहूर्तावर. आधी शेणखत, मग गाडी, मग मावशी. वरपक्ष उठून उभा राहिला, तो मानानं की वासानं, हे कळलं नाही.

"पोचली न पण मांडवात?" घनश्यामनं अजीजीनं विचारलं.

सत्यशीलेनं बाबारावांकडे पाहून गाडीकडे बोट दाखवलं, म्हणजे घेऊन जा. पण बाबारावांनी गाडीखाली साचलेलं थारोळं पाहिलं आणि मान हलवली.

"नोको बाई. माह्या कोंबड्या भिजतीन."

कोंबड्यांनीही नाकारल्यावर गाडी घनश्यामकडेच राहिली. सत्यशीलेची अट एकच होती, की होतं तसं सगळं परत बसवायचं. पण अंगणात फेकलेला हीटर तोवर भंगारवाल्यानं उचलून नेला होता.

दुसऱ्या दिवशी, डांबर पाघळवणाऱ्या उन्हात, घामानं निथळत घनश्याम स्पेअर पार्टच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "भाऊ, गाडीसाठी हीटर पाह्यजे. अर्जंट."

दुकानदारानं त्याच्याकडे नीट पाहिलं, हाताला धरून कूलरसमोर बसवलं, ग्लासभर गार पाणी दिलं आणि घरच्यांचा नंबर विचारला.