कोण म्हणतं? – आमच्या विदुलाताई

आमच्या समा भागातल्या सोसायटीत 'लिफ्ट बंद राहील' अशी पाटी लागली, की थोड्याच वेळात तिच्याखाली लाल पेन्सिलीनं प्रश्न उमटायचे. कशामुळे? कधीपर्यंत? कोण म्हणतं? खाली सही नसायची. तळमजल्यावरच्या विदुलाताईंचं अक्षर सेक्रेटरीसुद्धा ओळखायचे.

कॉलेजातून निवृत्त झाल्या तरी त्यांचं तपासणं सुटलं नव्हतं. "आज फार उकडतंय," म्हटलं, तर विचारत, "कालच्यापेक्षा?" माझा जन्मच काळजी करायला झालेला. त्यांच्याशी जिन्यात बोलायचं म्हणजे मला तोंडी परीक्षाच वाटायची.

आणि माझी मुलगी इरा आपण होऊन त्यांच्याकडे जायला लागली. तीही ऐन बारावीत! क्लासच्या नोट्स सोडून तिथं पेपर घेऊन बसायची. बातमी कुणी दिली, त्याला कशी कळली, काय सांगायचं राहिलं, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं. जरा लांबण लागली, की विदुलाताई इथल्या गुजराती सवयीनं म्हणत, "चालो, आता फापटपसारा काढून टाक."

"पण मार्कांचं काय हो?" मी एकदा धीर करून विचारलं.

"मार्क मिळतील गं. पण हिला वाचता कुठं येतंय? नुसती अक्षरं ओळखते."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग विश्वामित्री नदी फुगली. सकाळी पाणी फाटकातून आत आलं, वीज गेली. दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज, सोबत पुराचा फोटो: वरचं धरण फुटलंय, ताबडतोब घरं सोडा. जिन्यात पळापळ झाली. समोरचे पटेलभाई म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन निघाले. "चालो, चालो, जल्दी!" बाहेर कमरेइतकं पाणी, त्यात आमच्या नदीत मगरी. मी एका हातात देव आणि दुसऱ्या हातात इस्त्री घेऊन दारात उभी.

इरा मात्र मेसेज पुन्हापुन्हा वाचत होती.

"आई, यात धरणाचं नावच नाही. वेळ नाही. आणि फोटोतली माणसं स्वेटर घालून आहेत, या दिवसांत!"

तिनं पूरनियंत्रण कक्षाला फोन लावला. तो लागेपर्यंत मी इस्त्री काही खाली ठेवली नाही. मग तिनं सोसायटीच्या ग्रुपवर गुजरातीत लिहिलं: धरण फुटलेलं नाही, आत्ताच कंट्रोल रूमशी बोलले. पाणी अजून चढेल, बाहेर पडू नका. तळमजल्यावरच्यांनी वर आमच्याकडे यावं.

पटेलभाईंनी पायरीवर थांबून ते वाचलं आणि आईला घेऊन माघारी फिरले.

हळूहळू सगळे वर आले. विदुलाताई आल्या नाहीत. इरा खाली धावली. त्या पाण्यातून, पिशवी छातीशी धरून, फाटकाकडे निघाल्या होत्या. तिनं त्यांना हाताला धरून वर आणलं.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी फोन पुढे केला. तोच मेसेज. पाठवणारा निखिल, त्यांचा परदेशातला मुलगा. त्याच्या वरचा मेसेज गेल्या दिवाळीच्या शुभेच्छांचा होता.

"मी वाचलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव दिसलं."

मी टॉवेल दिला, चहा ठेवला. कप खाली ठेवून त्यांनी इराला विचारलं, "काय लिहू त्याला?"

"सुखरूप आहे म्हणा. आणि फोन कर म्हणा."

पहिलं वाक्य त्यांनी झटकन लिहिलं. दुसरं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पुन्हा पुसायला बोट गेलं, तेव्हा इरानं हात पुढे केला आणि मेसेज पाठवून टाकला.