बबनरावांच्या फटफटीची ठिणगी कोणी नेली?

माझं नाव दीनानाथ. आडनाव सांगत नाही, गुन्हेगार सावध होतात. वणी तालुक्यात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कोणाची नाही, आणि असलीच तर तो माणूस ती माझ्यापासून लपवून आहे. निवृत्तीपर्यंत मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्यामुळे आलं कुठून आणि गेलं कुठे हे मला वासावरून कळतं. माणसाच्या चपला पाहून तो कोणत्या गावचा ते मी सांगतो. नंतर तो आपलं खरं गाव सांगतो, पण तोवर माझं काम झालेलं असतं.

मंजुषा माझी सहायक. ती माझी पत्नीही आहे, पण तपासावर असताना हे नातं आम्ही मध्ये आणत नाही. निदान मी तरी आणत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्या बबनकाकांचा फोन आला आणि आम्ही स्कूटरवरून त्यांच्या गावी पोहोचलो. बबनराव कापूस-तुरीचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. त्यांची तरुणपणची फटफटी गेली कित्येक वर्षं कापसाच्या खोलीत पोत्यांमागे उभी होती. वणीच्या मिस्त्रीने येऊन कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी टाकली आणि वायरिंगचं दिवाळीनंतर पाहू म्हणून निघून गेला. गाडी मात्र चालू होत नव्हती.

"जावईबापू, प्लगात ठिणगीच नाही येऊन राह्यली," बबनराव म्हणाले.

"आणि उद्यापर्यंत चालू नाही झाली त परवा भंगारवाला येते," त्यांचा मुलगा अक्षय म्हणाला. "कापूस वेचणीले आला, भाऊजी. ठेवू कुठी? बाबा खोली मोकळी करू देत नाहीत."

बबनराव गाडीच्या फाटक्या सीटवर हात ठेवून उभे होते. "गाडी गेली त मले करमणार नाही," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून खोलीबाहेर पडले. मला वाईट वाटलं. अन् मी घरचा जावई. जावयाला या घरात कोणी 'चुकलं' म्हणत नाही, त्यामुळे माझे निष्कर्ष इथे विनाअडथळा वाढतात.

मी भिंग काढलं. टाकीवरचं कंपनीचं नाव पार उडालं होतं. "गाडीने ओळख लपवली आहे," मी म्हणालो.

"गंजली आहे," मंजुषा म्हणाली.

मग मी प्लग काढून हातात धरला आणि अक्षयला किक मारायला सांगितलं. झटका बसला नाही. झटका न बसल्याचं इतकं दुःख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. प्लग परत बसवून हॉर्न दाबला, तो गप्प. दिवा लावला, तो आंधळा. एका गाडीतले सगळे साक्षीदार एकाच वेळी मुके झाले, याचा अर्थ त्यांना कोणीतरी धमकावलं होतं.

चावी खिळ्याला टांगलेली होती. ती गाडीच्या कुलपात अर्धीच गेली आणि फिरेना. फिरत नाही, त्याअर्थी ती आधीच फिरलेली आहे, असा निष्कर्ष काढून मी तो मुद्दा निकालात काढला.

नंतर हेडलाइट उघडला. आत कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं आणि त्याच्याभोवती सगळ्या वायरी एकाच मळकट रंगाच्या.

"वेषांतर!" मी ओरडलो. "लाल कोण, काळी कोण, कळू नये म्हणून!"

"रंग उडाला, भाऊजी," अक्षय म्हणाला, पण लगेच जीभ चावली. "म्हंजे, असंन वेषांतर."

मी दोन वायरींची अदलाबदल केली. काही झालं नाही. परत पूर्ववत केल्या. तेव्हाही काही झालं नाही, यावरून वायरींची जबानी सुसंगत असल्याचं सिद्ध झालं. म्हणजे हात बाहेरचा होता.

बाहेरचा म्हणजे शेजारी. शेजारचे धावजी ओट्यावर बसले होते. मी थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "बबनरावांच्या घरातून तुम्ही काय नेलं ते मला माहीत आहे."

धावजींचा चेहरा पडला. "विळा नेलता, जावईबापू. मागच्या हंगामात. आत्ता आणून देतो."

ही बातमी गावात कशी पसरली कोण जाणे. वणीहून साहेब आला आहे, त्याला सगळं माहीत आहे, असं झालं. दिवस मावळेपर्यंत बबनरावांच्या अंगणात एक शिडी, दोन टोपल्या, एक पातेलं आणि फवारणीचा पंप जमा झाला. समोरच्या पंचफुलाबाई एक कोंबडी देऊन गेल्या आणि "पिल्लं मोठी झाली म्हंजे ते बी आणते" म्हणाल्या. अक्षय म्हणाला कोंबडी आमची नाही, पण पंचफुलाबाई ऐकायला तयार नव्हत्या. सगळं परत आलं, फक्त ठिणगी तेवढी कोणी आणून दिली नाही. बबनराव रात्री जेवले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी मी माझा अंतिम सिद्धान्त मांडायला उभा राहिलो. मांजराच्या अंगी विजेचा अंश असतो. घरात मांजर होतं. मी पुढे बोलणार इतक्यात भागीरथाकाकू, म्हणजे बबनरावांच्या पत्नी, पूजेचं ताट घेऊन आल्या. नांगर, विळे, अक्षयचा ट्रॅक्टर अशी सगळ्यांची पूजा आटोपली होती.

"सरका जावईबापू," त्या म्हणाल्या. "उद्या भंगारात जाईन बिचारी. आजची पूजा त घेऊ द्या."

त्यांनी चाकाला हार घातला, आपट्याची पानं वाहिली, बोट कुंकवात बुडवलं आणि ते थेट चावीच्या भोकात दाबलं. वरून हळद. वरून अक्षता. शेवटी गुळाचा खडा अंगठ्याने नीट आत बसवला.

मंजुषा पुढे झाली. "काकू, तिथं काहून लावता?"

"मंग कुठी लावू? बरोबर मधात हाय. कपाळच हाय ते गाडीचं."

"दरवर्षी तिथंच?"

"त काय! ही बंद पडल्यापासून एक दसरा चुकवला नाही मी."

मंजुषाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने केसांतली पिन काढली आणि भोक कोरायला लागली. आधी ताजा गूळ आला. मग लाल भुगा, पिवळा भुगा, तांदळाचे दाणे, दगडासारखा झालेला जुना गूळ आणि त्या गुळासाठी आत गेलेल्या मुंग्या. मी नम्रपणे नोंदवलं की माझा संशय पहिल्यापासून घरातल्याच कोणावर होता. कोणी ऐकलं नाही.

चावी पूर्ण आत गेली. फिरली. दाबताच हॉर्न असा काही ओरडला की पंचफुलाबाईंची कोंबडी घराच्या धाब्यावर चढली. बबनराव धावत आले, टांग टाकून बसले आणि तिसऱ्या किकला फटफटी धूर ओकत चालू झाली. म्हातारा माणूस हॅन्डलवर हात ठेवून हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम.

यशाच्या क्षणी तपासनीसाने मागे राहू नये. कुलूप आता कसं छान चालतं हे सगळ्यांना दाखवावं म्हणून मी पुढे होऊन चावी बंद करायला गेलो. गंजलेली होती. अर्धी माझ्या हातात आली, अर्धी आत राहिली आणि गाडी चालूच राहिली.

"तोडली?" मंजुषाने विचारलं.

"पुरावा ताब्यात घेतला," मी म्हणालो.

बबनरावांनी कुलपाकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे, आणि फार गंभीरपणे म्हणाले, "आता हे बंद नाही होत. पेट्रोल संपेस्तोर हिंडवाच लागते. भागीरथे, बस."

"मी? अन् सैपाक?"

"पोरगी हाय ना घरी आलेली. ताट दे तिच्यापाशी."

काकूंनी ताट मंजुषाच्या हाती दिलं, नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि मागे बसल्या. आधी दोन बोटांनी बबनरावांचा खांदा धरला. फाटकापाशी खड्डा आला तेव्हा पूर्ण हाताने धरला. मग धुरात दोघंही दिसेनासे झाले.

जेवणवेळ टळून गेली तेव्हा अक्षयने घाबरून स्पीकरवर फोन लावला. "आई, कुठी हा तुमी?"

"राजूरले. भजे खाऊन राह्यलो."

"गाडी बंद पडली का?"

"पडली नाही रे, ह्यायनं बंद केली. गिअरात टाकून ब्रेक दाबला का बंद होते म्हणे. किक मारली का पुन्हा चालू. एवढ्यात नाही येत आमी. पुढं जातो."

मग अक्षयने भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नको बाप्पा. नाही, उद्या नाही, कधीच नाही." कापूस बैठकीत टाकतो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

माझ्या तल्लख मेंदूला मात्र एक विसंगती टोचत होती. "मंजुषा, गाडी बंद कशी करायची हे बबनरावांना माहीत होतं. मग बंद होत नाही असं ते धडधडीत खोटं का बोलले? यामागे हेतू काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले खरंच नाही समजलं?"

"विस्मरण," मी म्हणालो. "किंवा ब्रेक-गिअर प्रकरणात तिसरा हात."

मी भिंग काढून अंगणातले टायरचे ठसे पाहायला वाकलो. ठसे सरळ होते, घाई झालेल्या माणसाचे. मागे आमची स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर मंजुषा हॅन्डल धरून बसलेली.

"मागं बसता का मी एकटीच जाऊ?"

"कुठे?"

"पेट्रोल संपेस्तोर."

मी बसलो. सहायकावर नजर ठेवावी लागते.