त्र्यंबकनं मनात घडवलेले काका

"तुमच्याकडून बोलायला कोण येणार?" भाऊ आठल्यांनी विचारलं आणि त्र्यंबक लेलेची बोबडीच वळली.

तसं सगळं जमल्यातच जमा होतं. भाऊंची सरोज कल्याणच्या शाळेत शिकवत होती, त्र्यंबक ठाण्याच्या एका कचेरीत कारकून होता. पत्रिका जुळली होती. आणि सरोजला पाहिल्यापासून तर हा पठ्ठ्या भातावर आमटीऐवजी पाणी ओतून घ्यायला लागला होता. अडचण एकच होती. त्याला आईबाप नव्हते, मामा नव्हता, आत्या नव्हती. डोंबिवलीच्या खोलीत तो आणि त्याचा स्टोव्ह, एवढाच संसार.

"मी स्वतःच..." तो पुटपुटला.

"छे हो! नवरा मुलगा स्वतः यादीला बसतो होय कुठं? लग्नात कुणी काय करायचं ते कागदावर उतरवायचं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी खाली सही करायची, अशी रीत आहे आमच्याकडे. कुणी नसेल तर तसं सांगा. पुण्याचं एक स्थळ ताटकळलंय."

"आहेत ना! काका आहेत!" त्र्यंबकच्या तोंडून निघून गेलं.

"उत्तम. मग सर्वपित्री झाली की पहिल्या रविवारी चार वाजता त्यांना घेऊन या."

झालं! पंधरा दिवसांत काका आणायचे कुठून? दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं शेजारच्या टेबलावरच्या श्रीपादपुढं रडगाणं गायलं. श्रीपाद हाती लागेल ते पुस्तक वाचायचा आणि अर्धं समजलं की पूर्ण सांगायचा.

"अरे, काका घडव की! तिबेटातले लामा नुसत्या ध्यानानं अख्खा माणूस घडवतात. तुलपा म्हणतात त्याला."

"आणि तो सही करायला येतो?"

"तो कसला येतोय! तो आपल्या मनातच राहतो. आपण फक्त 'काका' म्हणून बी टाकायचं. चेहरा, आवाज, सवयी, सगळं अंतर्मन भरतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. काका एकदा पक्के झाले की भाऊंसमोर तुझ्या तोंडून वडीलधारं बोलणं आपसूक निघेल. काका तापानं पडलेत, त्यांचा निरोप आणलाय, असं सांगायचं. मात्र दोन नियम पाळ. ध्यानात डोळे उघडायचे नाहीत आणि उठल्यावर मागं वळून पाहायचं नाही. नाहीतर तुलपा कच्चा राहतो."

बुडत्याला आणखी काय हवं होतं! त्र्यंबक मधल्या सुट्टीत मासुंदा तळ्याकाठच्या बाकावर बसायला लागला. मन एकाग्र राहावं म्हणून बाकापर्यंतसुद्धा तो खाली मान घालून, पापण्या अर्ध्या मिटूनच जायचा. बसला की डोळे गच्च मिटून हात जोडायचा आणि "काका, या" म्हणून सुरुवात करायचा.

आणि काय सांगावं, अंतर्मनानं कमाल केली. तिसऱ्याच दिवशी मिटल्या डोळ्यांपुढं तपकिरी कोट आला. चौथ्या दिवशी तपकिरीचा वास आला आणि पाठोपाठ खणखणीत शिंक. पाचव्या दिवशी काकांनी चक्क विचारलं, "काय म्हणालास?"

त्र्यंबकच्या अंगावर काटा आला. डोळे न उघडता त्यानं मनातलं होतं नव्हतं ते सांगून टाकलं. सरोजनं नोकरी सोडू नये असं वाटतं, पण भाऊंपुढं जीभ रेटत नाही. तिला पाहायला गेलो तेव्हा चहा धोतरावर सांडला आणि मग रिकाम्या कपातून भुरके मारत बसलो. आठवड्यानं त्यानं रविवारचा वार, चार वाजताची वेळ, कल्याणचा पारनाका, भाऊ आठल्यांचं घर, सगळं नीट सांगितलं.

"येईन हो," काका म्हणाले.

रविवारी त्र्यंबक "काकांना ताप आलाय, काकांना ताप आलाय" असं घोकत आठल्यांच्या दारात पोचला.

"काकांना..."

"अहो, ते केव्हाचे आलेत!" भाऊ म्हणाले.

झोपाळ्यावर तपकिरी कोटातले एक म्हातारे गृहस्थ तपकिरीची डबी उघडत होते. "ये रे त्र्यंबक," ते म्हणाले. तोच आवाज! हे मनातले काका भाऊंना दिसतात कसे? झोपाळा त्यांच्या वजनानं कुरकुरतो कसा?

सरोज चहा घेऊन आली. काकांनी बशीत ओतून तो संपवलासुद्धा. चहा खालून गळतोय की काय, म्हणून त्र्यंबकनं वाकून झोपाळ्याखाली पाहिलं.

"काही पडलं का?" सरोजच्या आईनं विचारलं.

"नाही नाही. फरशी छान आहे."

काका एव्हाना रंगात आले होते. "हे बघा भाऊ, मुलीनं शाळा सोडायची नाही. ह्याचीच इच्छा आहे, पण तुम्हाला भितो." दाराआड सरोजच्या बांगड्या वाजल्या. "आणि मागच्या खेपेला ह्यानं रिकाम्या कपातून भुरके मारले, माहीत आहे का?"

आता मात्र हद्द झाली. तुलपा डोईजड झाला तर तीनदा "विरून जा" म्हणायचं, असंही श्रीपादनं कधीतरी सांगितलं होतं. त्र्यंबकनं डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटला, "विरून जा, विरून जा, विरून जा..."

"हे काय चाललंय?" भाऊ दचकले.

"काही नाही हो," काका म्हणाले, "माझ्याशी तो असाच बोलतो."

त्र्यंबकनं एक डोळा उघडला. काका होते तिथंच होते आणि यादीवर सही करत होते. भाऊंनी कागद घेतला, चष्मा सावरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हरिहर गोविंद कर्णिक? हे लेले आणि तुम्ही कर्णिक? काका कसे काय?"

त्र्यंबकचा धीर सुटला. "भाऊ, मला माफ करा! हे खरे नाहीत! मला कुणी काका नाहीत, म्हणून मी ह्यांना मनानं घडवलंय!"

सरोजच्या आईनं पदर तोंडाला लावला. भाऊंनी यादीच्या कागदाची घडी घातली. पुण्याचं स्थळ आता त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायला लागलं.

काका मात्र त्र्यंबककडे टक लावून बघत होते. "म्हणजे तू खरा आहेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी? मी तर खराच आहे!"

"तेवढंच बघायला आलो होतो रे मी. मूलबाळ नाही. ही गेल्यापासून तीन वर्षं त्या बाकावर एकटा बसतोय. आणि एके दिवशी एक मुलगा शेजारी येतो, डोळे मिटून काका म्हणतो, पोटातलं सगळं सांगतो, आणि मागं न बघता निघून जातो. असं माणूस असतं का कुठं? मला वाटलं, एकट्यानं बसून बसून आपलंच डोकं फिरलं. पत्ता सांगितलास, म्हटलं जाऊन तर पाहू. इथं घर निघालं, भाऊ निघाले, पण तू दारात दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता."

दाराआडून सरोजचा आवाज आला, "भाऊ, वडीलधारं माणूस तर आलंय ना?"

भाऊंनी एकदा दाराकडे, एकदा झोपाळ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी पुन्हा उलगडली. "सही तर झालीच आहे," ते घसा खाकरत म्हणाले. "पण कर्णिक, तुम्ही ह्याची खात्री देता?"

त्र्यंबक काकांच्या पाया पडायला वाकला. पाय चांगले खडबडीत आणि गरम होते. काकांनी एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्याचा कान धरून कडकडून पिरगळला.

"आई गं!" त्र्यंबक ओरडला.

"खरा आहे," काका भाऊंना म्हणाले. "द्या मुलगी."