हेडाऊ सर आणि मर्यादेतलं विष

हेडाऊ सर अनोळखी माणसाच्या हातातला सुपारी-तंबाखूचा खर्रा हिसकून नालीत फेकतात. एकदा वाडीच्या नाक्यावर एका ट्रक ड्रायव्हरनं त्यांची कॉलर धरली. त्या अवस्थेतही सरांनी वर्ग घेतलाच. "सुपारी एक, तंबाखू दोन, वरून तुह्या ट्रकचा धूर! काहून गा, एका वेळी एकाच विषानं मराले काय होते तुले?"

ड्रायव्हरनं घाबरून कॉलर सोडली.

सर मूळचे उमरेडचे, विणकराघरचे. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहतात आणि उदबत्तीपासून जळत्या कचऱ्यापर्यंत सगळ्यांवर खेकसतात, "एकेकटा सज्जन, टोळीत खुनी!"

"म्हणजे कसं, सर?" मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच भडकले.

"पेशीतला डीएनए म्हणजे धागा समज. एक विष तो तोडते. तुटू दे, शरीर गाठ मारते. पण दुसरं विष गाठ मारणाऱ्याचाच हात धरून ठेवते. मंग?"

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला लागून असलेल्या गोदामांच्या आणि तिथल्या ट्रकच्या धुरावर सभा झाली. प्रदूषण खात्याचे साहेब कागद वाचत म्हणाले, "धूर मर्यादेत आहे. धूळ मर्यादेत आहे. बाकी सगळंही मर्यादेत आहे."

सरांनी पिशवीतून थर्मास काढला, कप भरून पुढे ठेवला. "घ्या साहेब, चहा. मीठ मर्यादेत, तिखट मर्यादेत, हिंग मर्यादेत. प्या!"

साहेबांनी कप बाजूला सारला.

"तुम्हाले सुटंसुटं मोजता येते, म्हणून आम्ही काय सुटंसुटं श्वास घ्याचा? फुफ्फुस तेच आहे ना आमचं!" असं ओरडून रागाच्या भरात सरांनी तो चहा स्वतःच घशात ओतला. मग जो ठसका लागला! लोक पोट धरून हसले. साहेबही हसले, आणि त्या हसण्यातच सभा गुंडाळली. माझं डोकं फिरलं.

परतताना मी सरांसोबत चाललो होतो. त्यांची बायको फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेली, एवढंच मला ठाऊक होतं. धीर करून विचारलं, "काकू खर्रा खायच्या का?"

"सुपारीही नाही." थोडं चालून ते थांबले. "नेमकं कशानं झालं, डॉक्टरले सांगता आलं नाही. ट्रकचा धूर होता, चुलीचा होता... अन् माह्या बिड्या होत्या. बंद खोलीत."

सरांनी थर्मासची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"एका बिडीनं काय होते, म्हणत होतो मी तिले," सर म्हणाले. "तिनं एकदाही बाहेर जा म्हटलं नाही गा."